दोन बिंदूंमधलं लाकूड

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातल्या गॅरार्ड कंपनीने १९५४च्या सुमारास ‘३०१’ हे टर्नटेबल विकायला काढलं. खोक्यात मोटर, फिरती थाळी आणि धातूचा ओतीव सांगाडा एवढाच ऐवज असे. सुई पेलणारा टोनआर्म गिऱ्हाइकाने वेगळा घ्यायचा आणि हे सगळं ज्यावर बसवायचं ती लाकडी बैठक, म्हणजे प्लिंथ, सुताराकडून करून घ्यायची. ती यंत्रं अजून चालतात, आणि ती जपणारे लोक आजही नव्या प्लिंथ बनवतात. त्यांच्या चर्चेत पहिला मान असतो लाकडाच्या जातीला: सागवान बरं की अक्रोड, शिसमाने आवाज भरदार होतो का, वगैरे. मला हा प्रश्न उलट्या टोकाने धरलेला वाटतो. प्लिंथचं पहिलं काम नादाशी निगडित नाही, ते अंतराशी आहे. थाळीचा मध्य आणि आर्म ज्या खुंटीवर वळतो ती खुंटी, हे दोन बिंदू एकमेकांपासून हलू न देणं हे ते काम. लाकूड निवडायचं ते या कसोटीवर.

हे अंतर इतकं नाजूक का, याचं उत्तर तबकडी कशी कापली जाते यात आहे. मूळ तबकडीवर खाच कापणारं पातं काठाकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. वाजवणारा आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरत असल्याने सुई कमानीत जाते. त्यामुळे खाचेच्या दिशेशी सुईचा जो कोन असायला हवा तो सगळीकडे साधत नाही. १९३८मध्ये लॉफग्रेन आणि १९४१मध्ये बेअरवाल्ड यांनी या चुकीचं गणित मांडलं. आर्मचं टोक ठराविक कोनात वळवायचं, सुई थाळीच्या मध्यापलीकडे थोडी जाईल अशी खुंटी ठेवायची, म्हणजे मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर चूक शून्य होते आणि इतरत्र ती आटोक्यात राहते. नऊ इंची आर्ममध्ये ती फार तर दोन अंशांच्या आसपास असते. पण खुंटीचं अंतर एका मिलिमीटरने चुकलं, तर अगदी आतल्या खाचेपाशी कोन जवळजवळ एका अंशाने बदलतो. आणि नेमकी तिथेच दाटी असते. एलपीच्या बाहेरच्या काठावर खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, शेवटाकडे हा वेग २१ सेंटिमीटरवर येतो. तिथे दहा हजार हर्ट्‌झच्या स्वराची एक लाट मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागात बसवलेली असते. गायिकेचा ‘स’ शेवटच्या गाण्यात फाटतो तेव्हा दोष बहुधा सुईला दिला जातो. सुतारकामाकडे कोणी बघत नाही.

आता लाकडाकडे येऊ. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याबरोबर फुगतं आणि आकसतं. पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. तंतूंच्या उभ्या रेषेत त्याची लांबी जवळपास बदलत नाही, आडव्या दिशेत बदलते. एसएमई ३००९ या प्रसिद्ध ब्रिटिश आर्मची खुंटी थाळीच्या मध्यापासून सुमारे २१५ मिलिमीटरवर येते. तेवढ्या अंतरात अखंड सागवानाची फळी आडवी आली आणि तिच्यातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर कापणीच्या प्रकारानुसार पाऊण ते दीड मिलिमीटरचा फरक पडू शकतो. सागवान तर स्थिर लाकूड म्हणून नावाजलेलं आहे, असं कोणी म्हणेल. खरं आहे, इतर बऱ्याच लाकडांची गत याहून वाईट असते. पण जुलैत दार चौकटीत अडकणाऱ्या कोकणातल्या घरात ‘तुलनेने स्थिर’ एवढ्याने भागत नाही. पॉलिशने ओलावा सावकाश शिरतो, थांबत नाही. प्लायवूडमध्ये मात्र एकाआड एक थरांच्या रेषा काटकोनात असल्यामुळे प्रत्येक थर शेजारच्याला धरून ठेवतो, आणि हीच हालचाल साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. दिसायला गरीब असलेलं प्लायवूड इथे सागवानावर मात करतं ते एवढ्यासाठी.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप वजनाचाच आहे. जुन्या गॅरार्डमध्ये मोटरची गती रबरी चाकातून थाळीला मिळते, त्यामुळे मोटरची घरघर सुईपर्यंत पोहोचते. ‘३०१’ आलं तेव्हा तबकड्या मोनो होत्या, सुईची फक्त आडवी हालचाल आवाज बनत असे. १९५८च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या आल्या आणि खालीवर होणारं कंपनही ऐकू येऊ लागलं. त्यात तबकडी कापताना खर्जातले स्वर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना अँप्लिफायर ते पुन्हा उचलतो. पंचवीस हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे अशा मोटरच्या फिरण्याच्या वेगापाशी, मधल्या स्वरांच्या तुलनेत सुमारे नऊपट. म्हणून जाड, जड, अनेक थरांची बैठक उपयोगी पडते, हे मान्यच करायला हवं. पण वजन हेच मर्म असतं, तर अमेरिकेत एडगर विलचर यांनी १९६१मध्ये केलेलं एआर कंपनीचं टर्नटेबल फसायला हवं होतं. ते हलकं होतं, आतला भाग स्प्रिंगांवर तरंगता होता, आणि तरी त्याने नाव कमावलं. त्यात मोटर पट्ट्याने जोडून दूर ठेवली होती, तर थाळीचं बेअरिंग आणि आर्म एकाच धातूच्या सांगाड्यावर घट्ट बसवले होते. जड आणि तरंगत्या अशा दोन विरुद्ध पंथांमध्ये समान काय, तर या दोन बिंदूंमधलं पक्कं नातं.

‘पण लाकूड बदललं की आवाज बदललेला ऐकू येतो’ हे म्हणणं मी खोटं ठरवत नाही. नवी बैठक केली की जाडी, वजन, डिंक, पाय सगळंच बदलतं आणि आर्म नव्याने बसवला जातो. त्यातला कोणता वाटा जातीचा, हे त्या ऐकण्यातून कळत नाही. एसएमई आर्मची स्वतःची बैठक पुढेमागे सरकवता येते, मग सुताराच्या अचूकतेचं एवढं कौतुक कशाला, हा प्रश्नही रास्त आहे. सरकती बैठक मांडणीच्या वेळची चूक दुरुस्त करते. ऋतूगणिक मापपट्टी घेऊन ती कोण सरकवणार?

तेव्हा करायचं ते असं. चांगल्या प्लायवूडचे थर एकमेकांना पूर्ण चिकटवावेत, प्रत्येक थरात मोटरची पोकळी कापावी, सागवानाची हौस बाहेरच्या चौकटीवर भागवावी. चौकट फुगली तरी आर्मला त्याची खबर नसते. आर्मचं भोक मात्र सगळ्यात शेवटी पाडावं. सांगाड्याचे बोल्ट त्यांच्या भोकात थोडे सैल बसतात, म्हणून आधी यंत्र आवळून बसवायचं आणि मग थाळीच्या खऱ्या मध्यापासून माप घ्यायचं, कागदावरच्या आराखड्यावरून नव्हे. ड्रिल लावण्यापूर्वी आर्म हाताने धरून एकदा पूर्ण फिरवून पाहावा, कारण मागचं वजन झाकणाला किंवा भिंतीला आपटतं हे बऱ्याचदा भोक पाडून झाल्यावरच लक्षात येतं.