नव्या बाइकचे पहिले हजार किलोमीटर

गोंदियात नवी स्पोर्ट बाइक घेतली की ओढ लागते देवरीजवळच्या राष्ट्रीय महामार्ग 53 ची. सरळ रस्ता, तासभर एकच वेग. नव्या इंजिनाला नेमके हेच मानवत नाही.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच बारीक तिरकस रेघा पाडलेल्या असतात. त्यांच्या उंचवट्यांवर घासत पिस्टनच्या रिंगा चपखल बसतात, आणि त्यांना भिंतीशी दाबण्यात जळत्या वायूच्या दाबाचा मोठा वाटा असतो. म्हणून नुसते रेंगाळत चालवणेही चूकच. आमगाव-तिरोड्याकडे जाताना गावे लागतात, वेग आपोआप बदलत राहतो, ते उत्तम. पुस्तिकेतली आरपीएमची मर्यादा मात्र ओलांडू नये.

या घासण्यातून धातूचे कण तेलात उतरतात. पहिली सर्व्हिस म्हणूनच टाळू नका, असे मी कळकळीने सांगतो. नवे टायरही सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर निसरडे असतात. वळणावर फार झुकू नका.

आपल्याकडे भाताच्या मळणीच्या दिवसांत आणि राइस मिलच्या परिसरात धूळ, तूस फार. एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीआधीच तपासावा. पावसात भिजलेली चेन पुसून त्याच संध्याकाळी वंगण द्यावे.