पोवळ्यांच्या रानातली खुरपणी

हिंगोली जिल्ह्यात पोवळं भेटतं ते सहसा दोन ठिकाणी. सराफाकडे मंगळाच्या अंगठीतला तांबडा खडा म्हणून, नाहीतर औषधाच्या दुकानात प्रवाळ पिष्टीच्या डबीत. दोन्हीकडे ते मेलेलं असतं, म्हणून ते दगडाच्या जातीचं आहे हा समज पक्का होतो. बातम्यांत पांढऱ्या पडणाऱ्या प्रवाळभिंतींबद्दल वाचलं की डोळ्यांपुढे हाच तांबडा खडा येतो. प्रत्यक्षात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दागिन्यातलं तांबडं पोवळं पूर्वापार भूमध्य समुद्रातून येत आलं. ते कपारींच्या अंधारात, खोल पाण्यात फार सावकाश वाढतं, आणि जगायला त्याला ऊन लागत नाही. भिंती बांधणाऱ्या पोवळ्याचं मात्र उन्हावाचून चालत नाही. काही मिलिमीटरचा, मऊ अंगाचा हा प्राणी लाखोंच्या वसाहतीत राहतो आणि अंगाखाली चुनखडीचा थर रचत जातो. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल मुक्कामाला असतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि पोवळ्याच्या गरजेच्या ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुरवतं. पोवळ्याचा रंगही बराचसा त्या भाडेकरूचाच. म्हणजे दगड, प्राणी आणि वनस्पती अशी ही तिघांची भागीदारी आहे, आणि तिच्यातला सर्वांत नाजूक भागीदार म्हणजे शैवाल.

समुद्र एका अंशानं तापला तर एवढं काय बिघडलं, हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाला पडणं साहजिक आहे. इथे डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्यात तीस अंशांचा फरक असतो आणि माणसं, गुरं, झाडं तो सोसतात. पण उष्ण कटिबंधातल्या समुद्राचं पाणी वर्षभरात मोजक्याच अंशांनी वरखाली होतं. पोवळं त्या अरुंद पट्ट्यात घडलेलं आहे आणि पट्ट्याच्या वरच्या काठाला चिकटून जगतं. नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा पाणी अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचा कारखाना बिघडतो. त्यातून विषारी द्रव्यं तयार होऊ लागतात आणि पोवळं शैवालाला बाहेर काढतं. मग पारदर्शक अंगातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरं पडलं म्हणजे मेलं, हाही एक गैरसमज. पांढरं पोवळं जिवंत असतं, पण उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, ताप लांबला तर उपासमारीनं वसाहत मरते. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशानं वाढलं. त्याच काळात जगातल्या समुद्रांची सरासरी वाढ सुमारे ०.७ अंश होती. आपल्या दारातला समुद्र इतरांपेक्षा लवकर तापतो आहे.

आता मासेमारीकडे. इथे आणखी खोल रुजलेली समजूत आडवी येते, आणि ती आपल्या धरणांनी दिलेली आहे. पैनगंगेवरचं इसापूर, पूर्णेवरचं सिद्धेश्वर आणि येलदरी, या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ मिळतात. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बाहेरून मत्स्यबीज आणायचं, बोटुकली सोडायची, वाढली की पकडायची. १९५७मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली, तेव्हापासून हा क्रम देशभर सोपा झाला. त्यातून मासा म्हणजे पीक, कमी झालं तर पुन्हा पेरायचं, असा हिशोब अंगवळणी पडतो. तळ्यापुरता तो बरोबरही आहे. प्रवाळभिंतीवर तो लागू होत नाही, कारण तिथे मासा नुसता रहिवासी नसतो, तो घराची देखभाल करतो. पोपटमासा आणि त्याच्यासारखे इतर शाकाहारी मासे दिवसभर भिंतीवरचं शेवाळ खरवडत असतात. हळदीच्या वाफ्यात खुरपणी थांबली तर तणाचं काय होतं हे वसमतच्या शेतकऱ्याला सांगायला नको. समुद्रात ती खुरपणी हे मासे करतात. मेलेल्या सांगाड्यावर शेवाळाची गादी साचली तर पाण्यातून तरंगत येणारी पोवळ्याची पिल्लं चिकटायला जागाच उरत नाही.

यातूनच वादाचा मुख्य मुद्दा निघतो. भिंती मरतात त्या हवामानामुळे की मासेमारीमुळे, असा प्रश्न विचारला जातो आणि प्रत्येकजण आपल्या सोयीचा आरोपी निवडतो. कोळ्याला तापमान सोयीचं, कोळशाच्या कंपनीला कोळी. माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडला आहे. उष्णता मारते, मेल्यानंतर भिंत पुन्हा उभी राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी मासे ठरवतात. पुरावा दोन्ही टोकांचा आहे. एका टोकाला जमैका. तिथे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात भिंतींचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत पोवळ्यांनी व्यापलेला होता. शाकाहारी मासे आधीच इतके पकडले गेले होते की खुरपणी काळ्या, लांब काट्यांच्या समुद्री साळूंवर येऊन पडली होती. १९८०च्या चक्रीवादळानं भिंती मोडल्या आणि १९८३मध्ये रोगानं साळू जवळजवळ नाहीसे झाले. त्यानंतर शेवाळ काढायला कोणीच उरलं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जिवंत पोवळं ५ टक्क्यांच्याही खाली गेलं. वादळं तिथे पूर्वीही येत होती. या वेळी सावरायला मदत करणारे गेलेले होते. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ. मासेमारीचे कडक नियम, मोठी राखीव क्षेत्रं, सगळं होतं. तरी २०१६च्या उष्णतेच्या लाटेत सर्वाधिक मार बसला तो माणसांपासून दूर असलेल्या उत्तरेकडच्या भागाला. मासेमारी बंद असलेल्या आणि चालू असलेल्या भागांत विरंजनाच्या तीव्रतेत फारसा फरक पडला नाही. जाळं आवरलं म्हणून पाणी थंड होत नाही.

मग मासेमारीवरचे निर्बंध निरर्थक, असा आक्षेप लगेच येतो. त्याचं उत्तर लक्षद्वीपमध्ये सापडतं. तिथल्या मच्छीमारांचा भर अनेक दशकांपासून उघड्या समुद्रात गळानं पकडल्या जाणाऱ्या ट्यूनावर, म्हणजे आपल्याकडच्या कुप्यावर आहे. भिंतीवरचे मासे त्यामुळे बऱ्यापैकी शाबूत राहिले. म्हणून १९९८च्या मोठ्या विरंजनानंतर तिथल्या अनेक भिंती सावरल्या. पण याच बेटांवरची दुसरी आकडेवारीही झाकू नये. नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी घेतलेल्या नोंदींत १९९८ ते २०२२ या २४ वर्षांत जिवंत पोवळ्यांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आलं. खुरपणी करणारे मासे हजर असूनही निम्मं रान गेलं. यावरून दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या ठरतात: मासे राखल्यानं भिंत उठायला मदत होते, आणि उठण्याआधीच पुढचा तडाखा बसला तर त्या मदतीचा उपयोग होत नाही.

महाराष्ट्रात पोवळी नाहीतच, असं मानणारेही पुष्कळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती ती आहेत, छोट्या, तुटक वस्त्यांच्या रूपात. म्हणूनच १९८७मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. विजयदुर्गपासून समुद्रात सुमारे १०० किलोमीटर आत आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथेही पोवळ्यांची चांगली वस्ती आहे. मालवणमध्ये मासेमारीवरून भांडणं जुनी आहेत, पण तिथे सगळी जाळी एकाच तराजूत घातली जातात हे चुकतं. किनाऱ्यावरून ओढायची रापण, तळ खरवडत जाणारं ट्रॉलरचं वजनदार जाळं आणि वरच्या थरातला थवा वेढणारं पर्ससीन यांचा पोवळ्यावरचा परिणाम सारखा नाही. पर्ससीनवर राज्यानं ५ फेब्रुवारी २०१६ला निर्बंध आणले ते मुख्यतः मासळीच्या साठ्यासाठी. पोवळ्याला थेट घाव घालतात ते तळावर ओढलेलं जाळं, टाकलेला नांगर आणि तुटून खडकाला गुंतलेली जाळी. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीमुळे पोवळ्यांनाही विसावा मिळतो, ही समजूत तर निव्वळ गमतीची. अरबी समुद्राचं पाणी सर्वांत जास्त तापतं एप्रिल-मे महिन्यांत आणि पावसाळी वारे सुरू झाले की निवू लागतं. बंदी सुरू होते तेव्हा पोवळ्याचा उन्हाळा संपत आलेला असतो. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पोवळी २००१पासून आहेत. त्या कायद्यानं तोडणाऱ्याला अटक होते. उष्णतेला अटक करण्याचं कलम त्यात नाही.

हिंगोलीच्या शेतातली माती आणि खतं वाहून जाऊन प्रवाळभिंती मारतात, असंही कधीकधी सांगितलं जातं. वाट तपासून पाहावी. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या मुखाशी गाळ आणि गोडं पाणी इतकं आहे की तिथे प्रवाळभिंत उभीच राहत नाही, खारफुटी राहते. त्या वाटेनं हा आरोप सिद्ध होत नाही. हवेच्या वाटेनं मात्र होतो. समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो तसं पाणी आम्लतेकडे सरकतं आणि चुना रचणं पोवळ्याला महाग पडू लागतं. तोच वायू समुद्रही तापवतो. त्यात हिंगोलीच्या पंपाचं डिझेल आणि मालवणच्या होडीचं डिझेल सारखंच मोजलं जातं. न्यायाचा प्रश्न येतो तेव्हा हेही मोजावं, की सरासरी भारतीयाचं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि रापण ओढणाऱ्याचं किंवा तळ्यावरच्या भोयाचं तर त्याहूनही कमी असणार.

उरतो तो वेळेचा हिशोब. लक्षद्वीपच्या त्याच अभ्यासात असं दिसलं की विरंजनाविना साधारण सहा वर्षं सलग गेली, तरच पोवळी खऱ्या अर्थानं जोमानं वाढू लागतात. तिथली मोठी विरंजनं झाली ती १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी. पहिलं अंतर बारा वर्षांचं, नंतरची सहा आणि आठ. जगभरच्या समुद्रांतलं चौथं विरंजन एप्रिल २०२४मध्ये अधिकृतपणे जाहीर झालं. आणि याच काळात लक्षद्वीपच्या भिंतींवरच्या माशांना बाहेर बाजार मिळू लागला आहे.