वेंगुर्ल्याचा बोंडू, गोव्याची फेणी आणि बाटलीतली वर्षे

वेंगुर्ले तालुक्यातील अणसूर आणि वेतोरे ही गावे काजूच्या वंशावळीत नोंदली गेली आहेत. येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची ‘वेंगुर्ला-१’ ही १९७४ मधील जात अणसूरच्या झाडातून निवडलेली आहे, तर ‘वेंगुर्ला-४’च्या संकरात वेतोऱ्याचे झाड आहे. ही निवड मुख्यतः बीसाठी झाली असली, तरी बी ज्याला लगडते तो रसाळ, तुरट बोंडू मद्याचे मूळ आहे.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. गोव्यातील परंपरेत पिकून आपोआप गळालेले बोंडू तुडवतात आणि त्यांचा रस पाणी वा साखर न घालता काही दिवस आंबवतात. त्याच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून, म्हणजे रस उकळून निघालेली वाफ थंड करून पुन्हा द्रवरूपात आणण्याच्या क्रियेतून, हुर्राक हे सौम्य मद्य मिळते. त्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टी लावली की साधारण ४२ ते ४३ टक्के मद्यार्काची फेणी उतरते. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाल्याने, स्कॉच जशी स्कॉटलंडमध्येच मुरावी लागते, तसे ‘फेणी’ हे नाव गोव्याच्याच मद्याला लाभते; गोव्याच्या सीमेअलीकडच्या, वेंगुर्ल्याच्या बोंडूचा अर्क तितकाच कसदार असला तरी त्याला ते लावता येत नाही.

जुन्या बाटलीची चव घेताना मात्र फेणी आणि स्कॉच या दोघींतला भेद महत्त्वाचा ठरतो. स्कॉच सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात केवळ मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की, ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरते आणि तिचे वय बाटलीत भरताच थांबते. परंपरेने गाराफांव नावाच्या काचेच्या मोठ्या बाटल्यांत साठवल्या जाणाऱ्या फेणीला लाकडाचा रंग लाभत नाही, म्हणून ती नितळ राहते. दोन्ही मद्यांना बाटली फक्त जपते. बूच सैल झाले तर मद्यार्क उडतो, पातळी उतरते, आत हवा शिरते आणि गंध बोथट होतो.

जाणकार लहान पेल्यात थोडीच फेणी घेऊन आधी हुंगतात. त्यात पिकल्या बोंडूचा उग्र, गोडसर वास टिकून असावा, आणि पाण्याचे दोन-चार थेंब घालताच तो मोकळा व्हावा. म्हणून जुन्या फेणीचे मोल ठरवताना वर्षे मोजण्याआधी बूच आणि पातळी पाहावी, आणि ती बाटली उभीच ठेवावी.