झरी गाव : बारा आण्यांची गोष्ट

महामार्गाने गुजरातकडे निघाले की हद्दीच्या अलीकडे तलासरी लागते. याच तालुक्यातल्या झरी गावाची गोष्ट आज सांगतो. ती आपल्या मजुरीची गोष्ट आहे.

तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. इथल्या माळांवरचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचे. कापायचे वारली, पैसा मात्र जमीनदार-सावकारांचा. लग्नासाठी कर्ज काढले की माणूस मालकाचा ‘लग्नगडी’ व्हायचा. ते फेडायला त्याच्या बायकोलाही राबावे लागे. वेठीला तर दामच नसे.

मे १९४५ मध्ये झरीत सुमारे ५,००० आदिवासी जमले. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी त्यांना एकत्र आणले होते. रोजचे १२ आणे मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात जायचे नाही, असे ठरले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तरी लोक हटले नाहीत. वेठ संपली, लग्नगडी सुटले.

१९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली. २०१४ पासून आपला जिल्हा पालघर.

आजही वाडीत एकटीने दर मागितला, तर तिच्या जागी दुसरी येते. झरीत सगळ्यांनी एकच दर धरला, म्हणून तो मिळाला. आपणही कामाला जाण्याआधी गटात रोज ठरवू, वहीत लिहू. आणि घरच्या म्हाताऱ्या आयांना झरीचे विचारू. त्यांच्यामागे सांगणारे कोणी उरणार नाही.