जुन्या चाकूची किंमत

कोकणातल्या जुन्या घराची आवराआवर निघाली, की माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात किल्ल्या, बिजागऱ्या आणि अडकित्ते यांच्या सोबतीला एखादा घडीचा चाकू हमखास सापडतो. पाते काळे पडलेले, मूठ पिवळटलेली, सांधा घट्ट झालेला. मग दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो भंगारवाल्याच्या तराजूत पडून लोखंडाच्या भावाने जातो. नाही तर घरातला एखादा उत्साही मुलगा काचकागद घेऊन तो लख्ख होईपर्यंत घासतो. पहिल्या प्रकारात चाकूच जातो. दुसऱ्यात चाकू राहतो, पण त्याच्यावर असलेली माहिती जाते. संग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच नुकसान.

पोस्टाची तिकिटे आणि नाणी जमविणारे असतात, तसे घडीचे चाकू जमविणारेही जगात पुष्कळ आहेत. जाणत्या संग्राहकाचा पहिला प्रश्न ‘हा केवढ्याचा?’ असा नसतो. हा कोणता, कधीचा आणि कशाचा बनविलेला, हे तो आधी विचारतो. या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरच किमतीविषयी बोलण्यात अर्थ असतो. ती शोधायला भिंग, लोहचुंबक, मोजपट्टी आणि थोडा तर्क एवढी सामग्री पुरते.

कलमाचे दोन अर्थ

फारसीत ‘कलम’ म्हणजे बोरू. बोरूला टोक काढण्याच्या चाकूला तिकडे ‘कलमतराश’ म्हणत. युरोपातही पिसाच्या लेखणीला टोक काढण्यासाठी लहान घडीचे चाकू वापरीत. पुढे टाक आले, शिसपेन्सिली आल्या, आणि तोच चाकू पेन्सिलीला टोक काढू लागला.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ‘कलम’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ते आंब्याचे. कोय रुजून आलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवितात, ते कोयकलम. येथे रोपाची आणि काडीची सालीखालची वाढणारी पेशींची थरे एकमेकींना नीट चिकटावी लागतात. म्हणून काप सपाट आणि एका झटक्यात व्हावा लागतो. कलमाच्या पुष्कळ चाकूंच्या पात्याला एकाच बाजूने धार असते. दुसरी बाजू सपाट असते, ती याचसाठी. डोळा भरण्याच्या चाकूला तर एका टोकाशी हाडाची किंवा पितळेची बोथट जीभ असते. तिने साल अलगद उचलतात. तुमच्या डब्यातल्या चाकूला अशी जीभ असेल, तर तो केवळ फळे कापण्याचा चाकू नव्हे, बागेतल्या कामाचे साधन आहे, हे न विचारताच कळते.

‘टक्’ आवाज कशाचा?

साधा घडीचा चाकू उघडून पाहा. सुरुवातीला जोर लावावा लागतो, आणि अर्धा रस्ता ओलांडला की पाते आपण होऊनच ‘टक्’ करून जागेवर बसते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब पट्टी असते. हीच चाकूची कमान. पात्याचे बूड गोल नसते. त्याला दोन सपाट बाजू आणि त्यांच्यामध्ये कोपरा असतो. सपाट बाजू कमानीवर टेकलेली असते तेव्हा कमान सर्वांत कमी वाकलेली असते. पाते फिरविताना कोपरा कमानीला वर उचलतो, ती अधिक वाकते, आणि तुमच्या हाताने केलेले कार्य तिच्यात स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते. कोपरा पलीकडे गेला, की ही ऊर्जा मोकळी होते आणि पाते पुढे ढकलले जाते. दोन दऱ्या आणि मध्ये एक टेकडी, असे हे ऊर्जेचे चित्र आहे. चाकू उघडा आणि मिटलेला या दोनच स्थितींत स्थिर राहतो, तो या कारणाने.

म्हणूनच संग्राहक चाकू हाती घेतला की आधी हा आवाज ऐकतो. आवाज खणखणीत असेल तर कमान शाबूत आहे. पाते ढिलेपणाने उघडत असेल, तर कमान थकली आहे किंवा पात्याचे बूड झिजले आहे. पाते डावी-उजवीकडे हलत असेल, तर खिळा सैल झाला आहे. पुन्हापुन्हा धार लावल्याने पात्याची रुंदी घटते आणि धारेची रेषा चंद्रकोरीसारखी आत जाते, तीही नजरेने ओळखता येते.

बुडावरचा ठसा

आता पात्याच्या बुडाशी भिंग धरा. कारखानदार आपला ठसा तेथेच मारतो. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही चाकूंची प्रसिद्ध गावे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याची खूण होती तारा आणि माल्टी क्रूस. ही खूण त्याच्याकडे १७६४ पासून होती, आणि तिची नक्कलही पुष्कळांनी केली.

काही शब्द आणि अक्षरे काळाचा पुरावा देतात. गंजरोधक पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली तयार केले. तेव्हा ‘स्टेनलेस’ असा ठसा असलेले पाते त्यापूर्वीचे असू शकत नाही. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर यांचा कारखाना १८८४ साली सुरू झाला, त्यांच्या अनेक पात्यांच्या प्रसिद्ध चाकूची नोंदणी १८९७ साली झाली, पण ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव १९२१ साली आले. हे नाव दिसले, की चाकू १९२१ किंवा त्यानंतरचा. मुकुटाच्या दोन बाजूंस ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे राणी व्हिक्टोरियाची (१८३७ ते १९०१). ‘जी’ आणि ‘आर’ मात्र जॉर्ज नावाच्या एकाहून अधिक राजांची असू शकतात. एवढ्यावरून साल सांगणे घाईचे होईल. व्यापारी चिन्हांविषयी ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली कायदे झाले. अमेरिकेने तर १८९० च्या कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. त्यानंतरच्या मालावर ‘इंग्लंड’, ‘जर्मनी’ असे शब्द अधिकाधिक दिसू लागले.

येथे तर्काचा एक नियम लक्षात ठेवा. अनेक खुणा असतील, तर त्यांतली सर्वांत अलीकडची खूण वय ठरविते. समजा, घरी सांगतात की चाकू पणजोबांनी १९०५ साली मुंबईहून आणला, आणि पात्यावर ‘स्टेनलेस’ हा शब्द आहे. मग हा चाकू तो नव्हे, किंवा साल चुकीचे सांगितले गेले आहे. सांगणारा खोटे बोलतो असे नाही; दोन चाकूंच्या आठवणी एकमेकींत मिसळतात. या जिल्ह्यातील हजारो माणसे गिरण्यांत आणि बोटींवर कामाला गेली आणि सुटीत येताना वस्तू घेऊन आली. त्यांच्या हकिकती जरूर लिहून घ्याव्यात. पण हकिकत ही साक्ष आहे, आणि साक्ष पुराव्याशी ताडून पाहायची असते.

मूठ कशाची?

मुठीसाठी शिंग, हाड, लाकूड, हस्तिदंत, शिंपले असे नाना पदार्थ वापरीत. १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड आले, १९०७ साली बेकलाइटचा शोध लागला. ही नावे पुन्हा कालनिर्णयाला उपयोगी पडतात. मात्र मूठ मागाहून बदललेली नाही ना, हे खिळ्यांवरून पाहून घ्यावे.

हाडावर भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात; त्या रक्तवाहिन्यांच्या नलिका होत. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या सेल्युलॉइडवरच्या रेघा फारच सरळ आणि एकसारख्या असतात. सेल्युलॉइड बोटाने जोरात चोळले तर कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून परीक्षा करावी असे कोणी सांगितले, तर मुळीच करू नका; सेल्युलॉइड भडकन पेटते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आर्किमिडीजची आठवण होईल. घनता काढून मूठ ओळखता येणार नाही का? सुटा तुकडा असेल तर येईल. पण अखंड चाकूत पोलाद, पितळ आणि हाड एकत्र असतात. निघेल ती त्यांची सरासरी घनता, आणि वर सांध्यात पाणी शिरेल. लोहचुंबक मात्र निर्धोक आहे. मुठीच्या आतील पट्टी पितळेची की लोखंडाची, हे तो लगेच सांगतो. ‘चुंबक चिकटला म्हणजे पाते स्टेनलेस नाही’ हा समज मात्र चुकीचा. चाकूच्या पात्यांना वापरतात ते कठीण होणारे गंजरोधक पोलाद चुंबकाला चिकटते.

काळेपणा आणि गंज

साध्या पोलादाच्या चाकूने कैरी कापली की पाते काळे पडते, हे तुम्ही पाहिले असेल. कैरीतील आम्ल थोडे लोखंड विरघळविते, आणि कैरीतील टॅनिनांशी त्याचा संयोग होऊन काळा पदार्थ बनतो. हिरड्यापासून शाई करतात, त्यामागचे रसायन हेच. हा काळेपणाचा थर पातळ असतो आणि पात्याला फारसा अपाय करीत नाही. उलट पाते वर्षानुवर्षे वापरात होते, कोणी ते कानसले नाही, याची ती खूण आहे.

तांबडा गंज मात्र शत्रू. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पापुद्र्यांनी सुटतो आणि खाली नवे लोखंड उघडे पाडतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्रावरून येणाऱ्या हवेतले मीठ ओलावा धरून ठेवते. त्यामुळे येथे काळजी अधिक घ्यावी लागते. मऊ फडक्याने शिवणयंत्राचे तेल हलकेच लावावे. खाद्यतेल कालांतराने चिकट होते. चाकू चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. सेल्युलॉइडची मूठ कुजू लागली तर तिच्यातून आम्लाची वाफ निघून शेजारचे चाकूही गंजतात. असा चाकू वेगळा ठेवावा. काचकागदाने थर निघतोच, पण अर्धा मिलिमीटरसुद्धा खोल नसलेला ठसाही पुसतो. ठसा गेला की कालनिर्णयाचा धागाच तुटतो.

तीन किमती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच चाकूला निदान तीन किमती असतात: वापराची, बाजाराची आणि माहितीची.

बाजारभाव काढताना विक्रेता काय मागतो हे पाहू नये. तसाच चाकू, तशाच स्थितीत, खरोखर केवढ्याला विकला गेला ते पाहावे. समजा, अशा पाच विक्रींच्या रकमा ४००, ४५०, ५००, ५५० आणि ३००० रुपये आहेत. सरासरी येते ९८० रुपये. पण पाचांतील चार चाकू ५५० किंवा त्याहून कमी रकमेला गेले आहेत! एका हौशी गिऱ्हाईकाने सरासरी बिघडविली. रकमा चढत्या क्रमाने मांडून मधली घ्या: ५०० रुपये. यालाच मध्यक म्हणतात, आणि येथे तोच खरा सल्लागार.

माहितीची किंमत बाजाराच्या मागे जात नाही. हस्तिदंताची खरेदी-विक्री भारतात कायद्याने बंद आहे. तेव्हा तशा मुठीच्या चाकूला बाजारभाव नाही, पण त्याचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६ ते १९९०) अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांतून उभे राहिलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय आज लोक मुद्दाम पाहायला जातात. त्यांतल्या कित्येक वस्तू एके काळी अडगळच समजल्या गेल्या असतील.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर विकत काहीच घेऊ नका. एक वही करा. घरातल्या आणि शेजारच्या चाकूंची लांबी, पात्यांची संख्या, ठशाचे भिंगातून काढलेले चित्र, मुठीचा पदार्थ, ‘स्टेनलेस’सारखी खूण, घरच्यांची हकिकत आणि ती पुराव्याशी जुळते की नाही, असे रकाने पाडा. चाकू वडीलधाऱ्यांच्या समोरच हाताळा; शाळेत वही न्या, चाकू नको. जिल्ह्यातल्या कलमे बांधणाऱ्यांच्या हातात कोणत्या काळी कोणते चाकू होते, याची अशी नोंद पन्नास घरांतून जमली, तर तो आंब्याच्या बागांच्या इतिहासाचाच एक भाग होईल. ही नोंद चाकू भंगारात जाण्याआधी मात्र व्हायला हवी.