वाणिज्य शिक्षण आणि आपली वही

दहावीचा निकाल लागला की वस्तीतली मुले-मुली घरी येतात. “सर, सायन्स झेपणार नाही, आर्ट्‌सला नोकरी नाही, मग कॉमर्स घेऊ का?” मी हिशेबाचा मास्तर, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी हो म्हणतो, पण मनात रुखरुख राहते. बी.कॉम. म्हणजे बँकेतली कारकुनी आणि बी.एम.एस. म्हणजे टाय बांधून इंग्रजी बोलणे, यापलीकडे या शाखेत काय शिकवतात हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

वहीशी आपल्या कष्टकरी समाजाचे नाते भीतीचे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जरोखे व वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. त्यांचा राग कागदावर होता, कारण कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि कोर्टात मात्र तोच कागद बोलत होता. बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. ते स्वतः १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९५३ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. म्हणजे आमच्या मुलांनी वही वाचावी आणि लिहावी, हा विचार आजचा नाही.

आता प्रत्यक्ष विषयांकडे वळू. पहिला आणि मुळाचा विषय हिशेबशास्त्र. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, म्हणून त्याची नोंद दोन खात्यांत करायची, हे त्याचे तत्त्व. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली याने ही द्विनोंदी पद्धत छापील पुस्तकात मांडली. तीच आजही जगभर चालते. रोजकीर्द लिहायची, तिच्यावरून खतावणी करायची, तेरीज जुळवायची, मग नफातोटा पत्रक आणि ताळेबंद. ‘जे येते ते नावे, जे जाते ते जमा’ हे सूत्र आमची मुले घोकतात आणि पास होतात. त्यांना वाटते, हा विषय आकड्यांचा आहे. माझ्या मते तो कोणत्या गोष्टीला आकडा द्यायचा आणि कोणत्या गोष्टीला नाही, हे ठरवण्याचा विषय आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा कोल्हापूरकडच्या एका चर्मकार कुटुंबाने चपलेचा एक जोड केला. चामडे, दोरा, खिळे मिळून ४५० रुपये लागले. व्यापाऱ्याने ७५० दिले. बाप म्हणतो, ३०० सुटले. पण त्या जोडामागे त्याचे दीड दिवस गेले आणि वेणी घालण्यात आईचा अर्धा दिवस. दिवसाची मजुरी ४०० धरली तर दोन दिवसांचे ८०० झाले. खर्च १२५०, हाती ७५०. म्हणजे ५०० रुपयांचा तोटा.

नफातोटा पत्रकाला विचारा, ते ३०० रुपये नफाच दाखवील आणि त्यात चूकही काढता येणार नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाची स्वतःची मजुरी खर्चात धरत नाहीत. त्याने घरखर्चाला पैसे घेतले तर ती ‘उचल’, आणि ती भांडवलातून वजा होते. पुढे परिव्यय लेखांकन नावाचा विषय येतो. त्यात मात्र घरच्या माणसांचे श्रम बाजारभावाने मोजून खरा खर्च काढता येतो. हे दोन्ही विषय एकाच पदवीत असतात, पण चपलेच्या त्या जोडावर ते एकत्र आणून दाखवणारा मास्तर विरळा.

‘उचल’ या शब्दावरून आठवले. पुस्तकातली उचल म्हणजे मालकाने स्वतःच्याच धंद्यातून काढलेला पैसा. ऊसतोड कामगाराच्या तोंडी उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम, जी फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. बीड जिल्ह्यातून आलेला मुलगा वर्गात हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कोणती उचल येत असेल?

श्रमांची नोंदच न होणे ही आपल्याकडे जुनी रीत आहे. महारकीच्या वतनात रात्रंदिवसाची हक्काची चाकरी होती, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन व गावाने दिले तर बलुते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

व्यवस्थापन या विषयात हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वे पाठ करवून घेतात. त्यातले पहिले श्रमविभागणीचे. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या निबंधात श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला भेद दाखवला आहे, तो याच तासाला सांगायला हवा. पण तो अभ्यासक्रमात ‘बसत नाही’. असो.

विपणनाच्या पुस्तकात वस्तू, किंमत, जागा आणि प्रसार अशी चौकट शिकवतात. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने ती १९६० मध्ये मांडली. यातली ‘जागा’ म्हणजे माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याची वाट. आपल्या वस्तीतल्या बाईने गावात खानावळ काढली, तर तिची जागा कोण ठरवतो? चव चांगली, भाव कमी, तरी गिऱ्हाईक आधी आडनाव विचारते. या गिऱ्हाइकाबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. आणि उलटही घडते. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्रादा कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी ओरड होईपर्यंत मूळ कारागिरांचा उल्लेख झाला नव्हता. वस्तू आपली, नाव दुसऱ्याचे, किंमत नावाची. विपणन शिकायचे ते हे समजण्यासाठी.

वित्त या विषयातली एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या ठेकेदारांना आणि लघुउद्योजकांना बुडवते. ती म्हणजे खेळते भांडवल. कागदावर नफा आहे, पण मोठ्या कंपनीने बिल चार महिने अडकवले, तोवर मजुरी आणि कच्चा माल मात्र रोखीने. असा धंदा नफ्यात असतानाच मरतो. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे, उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या वार्षिक खरेदीतले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यायचे असतात. वित्ताचा विद्यार्थी वस्तीत असेल तर ही कलमे घेऊन भांडता येते. नसेल तर ती राजपत्रात पडून राहतात.

शाखा निवडताना काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. साधे बी.कॉम. अनुदानित तुकडीत कमी फीमध्ये होते. बी.एम.एस. बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आहे आणि फी कित्येक पटींनी जास्त. २०२४ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. या पदव्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्या आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. तेव्हा काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. पाटीवर काय आहे ते पाहू नका, पदवीवर काय छापले जाईल आणि शिष्यवृत्ती लागू आहे का, ते लेखी घ्या. सी.ए. करणाऱ्यांची अडचण वेगळी. परीक्षा अभ्यासाने निघते, पण आर्टिकलशिप ओळखीने मिळते. २०२३ च्या नव्या योजनेत ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली, ओळखीचा भाग तसाच आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला एका फर्मने गुणपत्रिका न पाहताच ‘तुमच्याकडचे कोणी या लाइनीत आहे का’ असे विचारले होते. आपल्यातले जे सी.ए. झाले आहेत त्यांनी दरवर्षी एक-दोन मुले घेतली तर ‘आहे’ असे उत्तर देता येईल.

आणखी एक, जरा कडू वाटेल. आपल्या मंडळांचा, जयंतीच्या वर्गणीचा, विहाराच्या बांधकामाचा जमाखर्च आपण कसा ठेवतो? बहुधा कुणाच्या तरी खिशातल्या डायरीत. वस्तीतल्या बी.कॉम.च्या मुलामुलींकडे ही वही द्या. पावतीपुस्तक, रोजकीर्द, वर्षअखेरीला ताळेबंद, आणि तो विहाराच्या फळ्यावर लावा. आमच्याकडे गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या तीन मुलींनी हे केले. तेरीज जुळेना म्हणून त्या रात्री दहापर्यंत बसल्या. शेवटी मंडपवाल्याच्या पावतीत दोनदा लिहिलेले १,२०० रुपये सापडले. ज्यांच्या हातून ती चूक झाली ते गृहस्थ चार दिवस बोलत नव्हते. पाचव्या दिवशी आले आणि पुढच्या वर्षीची वही याच मुलींकडे राहू द्या म्हणाले.