हाड घडते कसे, बिघडते कसे

हाड म्हणजे निर्जीव दगड, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हाडाची मोडतोड व बांधणी जन्मभर चालूच असते. ही बांधणी करणाऱ्या अस्थिजनक पेशी प्रथम कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची चौकट विणतात. मग तीत कॅल्शियम व फॉस्फेट यांचे सूक्ष्म स्फटिक बसतात. तंतूंमुळे हाडाला चिवटपणा येतो, स्फटिकांमुळे कठीणपणा. वजनाने हाडाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिजच असतो.

परंतु ही पेशी जन्मतःच गवंडी नसते. मूलपेशीपासून ती पायरीपायरीने तयार होते. या घडणीस विभेदन म्हणतात. काम अंगी मुरले की पेशीचे विभाजन थांबते. कित्येक पेशी तर आपणच बांधलेल्या भिंतीत चिणल्या जातात.

ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगात हा क्रम अर्ध्यावर अडतो. पेशी हाड विणू लागते, पण थांबायला शिकत नाही. विभाजनाला लगाम घालणारी पी-५३ व आरबी ही जनुके येथे पुष्कळदा बिघडलेली आढळतात. सूक्ष्मदर्शकाखाली विद्रूप पेशींनी विणलेले कच्चे हाड दिसणे, हीच या रोगाची खूण. रोग फुप्फुसात पसरला, तर या पेशी तेथेही हाड बनवू शकतात!

मग अशा पेशीला पुढची पायरी शिकवता येईल काय? एका प्रकारच्या रक्तकर्करोगात हे साधले आहे. १९८०नंतरच्या दशकात शांघायच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्व ‘अ’च्या एका रूपाने अर्धवट पेशी प्रौढ करून दाखविल्या. हाडाच्या बाबतीत मात्र शस्त्रक्रिया व औषधे हाच आजचा मुख्य मार्ग आहे.

१९७७ साली कॅनडातील अठरा वर्षांच्या टेरी फॉक्सचा पाय याच रोगापायी कापावा लागला. १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवस धावून त्याने संशोधनासाठी निधी जमविला. १९८१ साली तो गेला. आज रोग पसरण्यापूर्वी सापडला, तर दहांपैकी सहा-सात रुग्ण पाच वर्षांपलीकडे जगतात, आणि बहुतेकांचा पायही वाचतो.

हा रोग विरळाच. पण तो बहुधा वाढत्या वयात गुडघ्याजवळ होतो. म्हणून मुलाचे तेथील दुखणे आठवडेच्या आठवडे टिकले, रात्री झोपमोड करू लागले वा सूज आली, तर ‘खेळताना लागले असेल’ म्हणून आपण नुसते चोळत बसू नये. एक क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.